१९१३ ची दक्षिण आफ्रिका: जुलैत जोहान्सबर्गला दंगा झाला तो कोणाचा?

साखळीची वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या साखळीच्या वाचनकट्ट्यावर यंदा असं ठरलंय की दर महिन्याला एकाने ब्रिटिशांच्या अमलातला एक देश आणि त्याचं एकच वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षी तिथली माणसं कशी जगली ते सांगायचं. गेल्या महिन्यात एका काकांनी १९०७ चं न्यूझीलंड घेतलं, डोमिनियन, म्हणजे साम्राज्यातला स्वशासित देश, झालं ते वर्ष, फार छान बोलले. पुढच्या रविवारी माझी पाळी. मी १९१३ ची दक्षिण आफ्रिका घेतलीय.

ती का घेतली ते सांगते. माझे पणजोबा त्या काळात लोरेन्सु मार्किशला, म्हणजे आजच्या मापुतोला, एका दुकानात हिशेब लिहायला होते. घरी पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात त्यांनी पणजीला पाठवलेलं एकच पोस्टकार्ड उरलंय, एका कोपऱ्याला वाळवी लागलेलं. तारीख १९ जुलै १९१३. त्यावर बाळबोधीत चार ओळी आहेत, "जोहान्सबर्गाकडे मोठा दंगा जाला, स्टेशन जाळलें, माणसें मेलीं. माल येत नाही. आम्ही सुखरूप, काळजी नको." खाली मोडीत आणखी दोन ओळी आहेत त्या मला वाचता येत नाहीत.

इतकी वर्षं घरात सगळे म्हणायचे की हा गांधींच्या सत्याग्रहाचा दंगा. पण मी आता वाचायला बसले तर गांधींचा तो मोठा मोर्चा नोव्हेंबरमध्ये निघालाय! आणि त्यांनी स्टेशन जाळलं असं तर शक्यच नाही. मग जुलैत काय झालं होतं? आणि त्या वर्षी त्या देशात अजून काय काय चाललं होतं? मराठीत शोधलं की जिथे तिथे फक्त मोर्चाच सापडतो. पणज्याच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आले, आणखी एक फेरी मारणार आहे, पण त्याआधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हटलं.

खाणीतला निवृत्त

बाय, तुमच्या पणजोबांनी लिहिलेला दंगा म्हणजे गोऱ्या खाणकामगारांचा संप. मी डिचोलीकडे खाणीवर ३१ वर्षं काढली, आपल्या खाणी उघड्या, लोखंडाच्या, तिथल्या सोन्याच्या आणि जमिनीखाली खोलवर, पण खाण ती खाण, म्हणून हा विषय मी पूर्वीपासून वाचत आलोय.

सुरुवात अगदी लहान गोष्टीवरून झाली. जोहान्सबर्गच्या पूर्वेला बेनोनी म्हणून गाव, तिथली न्यू क्लाइनफाँटेन खाण. मे १९१३ मध्ये तिथे नवीन मॅनेजर आला आणि त्याने जमिनीखाली काम करणाऱ्या मोजक्या मेकॅनिकना सांगितलं की शनिवारी दुपारनंतरही कामावर थांबा. बस, एवढंच. ते नाही म्हणाले, त्यांना काढलं, मग ती खाण बंद, मग शेजारची, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळ्या रँडवर संप. रँड म्हणजे तो सोन्याचा पट्टा. ४ जुलैला जोहान्सबर्गच्या मार्केट स्क्वेअरवर सभा होती, सरकारने तिच्यावर बंदी घातली, घोडेस्वार सोडले आणि मग जमाव पेटला. पार्क स्टेशन जाळलं (हेच तुमच्या कार्डातलं स्टेशन), स्टार वर्तमानपत्राचं ऑफिस जाळलं. दुसऱ्या दिवशी रँड क्लबच्या समोर सैन्याने गोळीबार केला. दोन दिवसांत वीसवर माणसं मेली, त्यात नुसते बघायला आलेलेही होते.

आता पुढचं बघा. पंतप्रधान बोथा आणि त्यांचे मंत्री स्मट्स, दोघेही बोअर युद्धात (बोअर म्हणजे तिथले डच वंशाचे गोरे) ब्रिटिशांविरुद्ध लढलेले सेनापती, ते स्वतः प्रिटोरियाहून आले आणि कार्लटन हॉटेलात संपाच्या पुढाऱ्यांसमोर बसून करारावर सही केली. कामगारांना परत घ्यायचं कबूल केलं. कारण शहर राखायला सरकारकडे स्वतःचं पुरेसं सैन्यच नव्हतं, डिफेन्स अ‍ॅक्ट आदल्या वर्षी झालेला, फौज अजून उभी राहायची होती, म्हणून ब्रिटिश पलटणी वापराव्या लागल्या. स्मट्सना ती सही फार लागली. सहा महिन्यांनी, जानेवारी १९१४ ला, परत संप झाला तेव्हा त्यांनी मार्शल लॉ लावला आणि नऊ पुढाऱ्यांना कोर्टात उभं न करताच बोटीवर चढवून इंग्लंडला पाठवून दिलं.

मला यात सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. खाणीत गोरे कामगार वीसेक हजार आणि काळे कामगार दोन लाखांच्या घरात. त्याच जुलैत काही खाणींतल्या काळ्या कामगारांनीही काम थांबवलं, पगार वाढवा म्हणाले. त्यांच्याशी बोलायला कोणी मंत्री हॉटेलात आला नाही, सैनिक त्यांच्या कंपाउंडात, म्हणजे कुंपणातल्या राहायच्या जागेत, शिरले आणि त्यांना परत खाली उतरवलं.

आणि हे दोन लाख लोक यायचे कुठून? त्यांतले कितीतरी तुमच्या पणजोबांच्या गावावरूनच! पोर्तुगीज मोझांबिकच्या दक्षिण भागातून खाणवाल्यांची एजन्सी माणसं भरती करायची, वेनेला म्हणायचे तिला. १९०९ साली पोर्तुगाल आणि ट्रान्सवालचा (जोहान्सबर्ग ज्यात येतं तो भाग) करारच झाला होता, तुम्ही आम्हाला मजूर द्या, आम्ही जोहान्सबर्गकडे जाणाऱ्या समुद्री मालाचा निम्मा वाटा तुमच्या लोरेन्सु मार्किश बंदरातून नेऊ. माणसाच्या बदल्यात मालाची वाहतूक. पणजोबांच्या दुकानापुढून रोज हे मजूर स्टेशनकडे जाताना दिसत असणार. त्याच १९१३ साली अक्षांश २२ च्या उत्तरेकडची माणसं खाणीत आणायला बंदी घातली कारण ती न्यूमोनियाने फार मरत होती. आणि दगडाची धूळ छातीत बसून होणारा रोग तर होताच. आमच्या खाणीवरच्या ड्रिलवाल्याचा खोकला मी अजून विसरलेलो नाही, रात्री पाळी संपली तरी त्याच्या खोलीतून ऐकू यायचा. मग हजारो फूट खाली, बंद जागेत, त्या लोकांचं काय होत असेल.

पेडण्याचा मुंडकार

खाणीतल्या काकांनी सुंदर लिहिलंय. पण ताई, त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट ना संप ना मोर्चा, ती आहे १९ जून १९१३. नेटिव्ह्ज लँड अ‍ॅक्ट त्या दिवशी लागू झाला. भाषणात याला निदान अर्धा वेळ द्या अशी माझी कळकळीची विनंती.

कायदा असा की देशातली साधारण ७ टक्के जमीन काळ्या लोकांसाठी राखीव, आणि ते त्या देशात दोन तृतीयांशाहून जास्त, त्या राखीव तुकड्यांबाहेर त्यांनी जमीन विकत घ्यायची नाही, खंडानेही घ्यायची नाही. पुढे १९३६ ला ते १३ टक्क्यांच्या आसपास नेलं. पण आकड्यापेक्षा मला त्यातलं एक कलम जास्त झोंबतं. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात पुष्कळ काळी कुटुंबं गोऱ्यांच्या शेतावर अर्धेलीने कसायची. बैल त्यांचे, नांगर त्यांचा, बी त्यांचं, घाम त्यांचा, आणि पीक आलं की अर्धं मालकाला. कित्येकांकडे गुरांचे मोठे कळप होते, बरी खाऊनपिऊन असलेली माणसं ती. कायद्याने ही अर्धेलीच बंद केली. आता मालकापुढे दोनच वाटा, एकतर हे कुटुंब नोकर होणार, गुरं सुद्धा मालकाच्या कामाला जुंपणार, नाहीतर चालतं व्हायचं.

आणि महिना बघा, जून-जुलै. आपल्याकडे पाऊस, तिकडे कडाक्याची थंडी, रात्री दव गोठतं. त्या थंडीत माणसं बायकापोरं आणि शेळ्यामेंढ्या घेऊन रस्त्यावर आली. किंबर्लीचे एक संपादक होते सॉल प्लाटये, ते सायकल घेऊन त्या भागात फिरले आणि दिसलं ते लिहून ठेवलं. एका कुटुंबाचं तान्हं मूल वाटेत गेलं, पुरायचं कुठे, स्वतःची म्हणून वीतभर जागा नाही आणि ज्या मातीत पुरणार ती दुसऱ्याची, शेवटी रात्री चोरून, कोणी बघत नाही ना ते पाहून खड्डा खणला. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसलो होतो.

माझे आजोबा भाटकाराच्या भाटात, म्हणजे जमीनदाराच्या बागायतीत, मुंडकार म्हणून राहायचे. आमचं घर म्हणजे मातीच्या भिंती, वर झावळ्या, पण जमीन भाटकाराची. आजी सांगायची की भाटकाराने ऊठ म्हटलं की उठायचं, म्हणून तिने आयुष्यभर अंगणात एकही माड लावला नाही, लावला आणि उठवलं तर तो कोण पाहणार. कूळ कायदा १९६४ चा आणि मुंडकार कायदा १९७५ चा, त्यानंतर घर आमचं झालं आणि मग वडिलांनी पहिला माड लावला. त्यामुळे मला हा लँड अ‍ॅक्ट पुस्तकातला वाटतच नाही.

अजून एक. तो कायदा रद्द झाला १९९१ ला. आणि १९९४ नंतर जमिनी परत मिळण्यासाठी जो कायदा केला त्यात अट हीच, १९ जून १९१३ नंतर वर्णभेदाच्या कायद्यांमुळे जमीन गेली असेल तरच दावा लावता यायचा. म्हणजे एका तारखेवरून आजही तिथल्या कोर्टात दावे चालतात.

मडगावची वकील

मी कायद्याच्या दुसऱ्या अंगाने लिहिते, कारण गांधींचा मोर्चा का निघाला हेही लोक अर्धवट सांगतात.

१४ मार्च १९१३. केपच्या सुप्रीम कोर्टात जस्टिस सर्ल यांच्यापुढे एक साधा खटला होता. पोर्ट एलिझाबेथला राहणाऱ्या एका मुसलमान माणसाने भारतातून आपली बायको आणली, तिला उतरू दिलं नाही. कोर्ट म्हणालं, ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न, नोंदणी नसेल तर, आमच्या कायद्याने लग्न नव्हे. एका निकालात तिथल्या हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्या बायका कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत, त्यांच्या मुलांचा वारसा धोक्यात. आपण गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन दोनदा सह्या करतो, भटजी-अक्षता नंतर, आणि लग्नाची तारीख म्हणून सह्यांचीच तारीख चालते, त्यामुळे नोंदणी म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. पण माझ्याकडे म्हातारी माणसं येतात ज्यांच्या सह्या झाल्याच नव्हत्या, आणि पेन्शनच्या किंवा घराच्या वेळी त्या बाईला विचारतात की तू याची कोण. त्या वेळी समोरच्या बाईचा चेहरा मी बघितलाय. तिथे हे एका दिवसात हजारो जणींना विचारलं गेलं.

म्हणून त्या वर्षी बायका पहिल्यांदा सत्याग्रहात आल्या. कस्तुरबा आणि गांधींच्या नाताळ प्रांतातल्या फिनिक्स आश्रमातली मंडळी, मिळून १६ जण, सप्टेंबरमध्ये परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली, तीन महिने सक्तमजुरी झाली. दुसरीकडे गांधींच्याच ट्रान्सवालमधल्या टॉलस्टॉय फार्मवरच्या तमिळ बायका उलट दिशेने नाताळ प्रांतात न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर गेल्या आणि मजुरांना म्हणाल्या, काम सोडा. आणि त्यांनी सोडलं! वल्लिअम्मा नावाची १६ वर्षांची पोर तुरुंगातून ताप घेऊन आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये गेली.

मजुरांनी काम का सोडलं, तर ३ पौंडांचा कर. गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, संपली की एकतर परत करार करा, नाहीतर हिंदुस्थानात जा, आणि इथेच राहायचं तर दरवर्षी माणशी ३ पौंड भरा. गिरमिट्याला सुरुवातीला महिना १० शिलिंग मिळायचे, ३ पौंड म्हणजे ६० शिलिंग, गणित तुम्हीच करा. बायकोचे वेगळे, १६ वर्षांवरच्या मुलाचे, १३ वर्षांवरच्या मुलीचे वेगळे. हा कर रद्द करतो असं आपल्याला मंत्र्यांनी सांगितलंय, असं गोखले १९१२ च्या दौऱ्यानंतर म्हणत होते, आणि सरकार म्हणे आम्ही असा शब्द दिलाच नाही.

६ नोव्हेंबरला या मजुरांचा मोर्चा ट्रान्सवालकडे निघाला तो २०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलांचा. रोजचं खाणं माणशी दीड रत्तल पाव आणि एक औंस साखर. पाव कोण देणार हा प्रश्न होता, तर फोक्सरस्टच्या एका गोऱ्या बेकरीवाल्याने, म्हणजे आपल्या भाषेत पोदेराने, कबूल केलं आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाला रेल्वेने पाव पाठवत राहिला, वजनात किंवा भावात एकदाही फसवलं नाही. गांधींनी हे मुद्दाम नोंदवलंय. वाटेत दोन तान्ही मुलं गेली, एक थंडीवाऱ्याने, एक ओढा ओलांडताना आईच्या हातून निसटून. गांधींना चार दिवसांत तीनदा पकडलं, मजुरांना बाल्फोरला तीन आगगाड्यांत घालून परत नाताळला नेलं आणि खाणींच्या कंपाउंडांनाच तुरुंग जाहीर केलं, मुकादम झाले जेलर. मग संप उसाच्या मळ्यांत पसरला, तिथे गोळ्या चालल्या, माणसं मेली. २४ नोव्हेंबरला खुद्द व्हाइसरॉय हार्डिंग मद्रासला या लोकांच्या बाजूने बोलले, तेव्हा कुठे लंडन हललं. १९१४ च्या कायद्याने कर गेला आणि लग्नं मान्य झाली.

क्रिकेटवेडा वास्को

एक छोटी भर. डिसेंबर १९१३ मध्ये इंग्लंडची टीम तिथे खेळत होती, सिडनी बार्न्सने जोहान्सबर्गच्या कसोटीत १५९ धावांत १७ विकेट घेतल्या आणि चार कसोट्यांत ४९. एका मालिकेतला ४९ चा हा आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही. म्हणजे पार्क स्टेशन जळल्याला सहा महिने होत नाहीत तोच त्याच शहरात हा सामना. आफ्रिकेची टीम अर्थात सगळी गोरी.

साखळीची वाचक

देव बरें करूं सगळ्यांचं. काल रात्री हे सगळं वहीत उतरवत बसले, दीड वाजला. आईला सांगितलं की पणजोबांचा दंगा गांधींचा नव्हता, गोऱ्या कामगारांचा होता, तर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग ते कार्ड परत एकदा वाच.

एक प्रश्न राहतोच. एकाच वर्षात, एकाच सरकारविरुद्ध गोरे कामगार उठतात, काळ्यांची जमीन जाते, भारतीय मोर्चा काढतात. ही माणसं एकमेकांना भेटली नाहीत का? कोणीच कोणाचा हात धरला नाही?

पेडण्याचा मुंडकार

ताई, मीही यावर बरीच वर्षं विचार करतोय. जवळ होते, एकत्र नव्हते. काळ्या लोकांच्या आफ्रिकी काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे, त्यांची ओहलांगे शाळा गांधींच्या फिनिक्सपासून थोड्याच मैलांवर. गोखले १९१२ ला आले तेव्हा गांधी त्यांना त्या शाळेत घेऊनही गेले होते. ओळख होती, आदर होता, पण लढे वेगळे ठेवले. आपल्या लोकांना याचं समर्थन करायला आवडतं, मला ते पटत नाही. लँड अ‍ॅक्ट जूनमध्ये आला, मोर्चा नोव्हेंबरमध्ये निघाला, आणि मोर्चाच्या मागण्यांत त्या कायद्याचा शब्द नाही.

बायकांचं तर अजूनच वाईट वाटतं. कस्तुरबांच्या आधी, मे महिन्यात, ब्लूमफाँटेनच्या काळ्या वस्तीतल्या बायकांनी पास, म्हणजे सरकारी परवाना, बाळगायला नकार दिला आणि तुरुंगात गेल्या. त्याच गावात १६ डिसेंबरला बोअर युद्धाच्या छावण्यांत मेलेल्या बायकामुलांचं मोठं स्मारक उघडलं, त्यावर आकडा कोरलाय २६,३७०, आणि हे सगळे गोरे. काळ्यांच्या वेगळ्या छावण्या होत्या, त्यांत मेलेल्यांचा तिथे उल्लेखच नव्हता.

मडगावची वकील

मुंडकार बाब म्हणतात ते खरं आहे, पण एक बाजू सोडू नका. ज्यांनी कोळसा खाण सोडली त्यांच्या हातात महिना दहा-बारा शिलिंगांपलीकडे काही नव्हतं, मागण्या त्यांच्या पोटातून आल्या होत्या. त्यांना मी दोष देणार नाही. पुढाऱ्यांचा हिशेब वेगळा करा, मजुरांचा वेगळा.

आणि ताई, एक मराठी धागा तुमच्या कट्ट्यावर नक्की सांगा. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि आपल्याकडच्या लोकांची सभा होती, गोखले इंग्रजीतच बोलायच्या तयारीत, तर गांधी म्हणाले मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखल्यांनी त्यांची खूप थट्टा केली की तुम्ही मराठी कधी शिकलात, पण बोलले मराठीतच, आणि पुढे झांझिबारपर्यंत जिथे जिथे अशी सभा झाली तिथे मराठीतच बोलले. रत्नागिरीकडची ती माणसं, परमुलखात, सोन्याच्या खाणींच्या शहरात, आपल्या भाषेत भाषण ऐकतायत. मला ते चित्र फार आवडतं.

साखळीची वाचक

हे शंभर टक्के सांगणार. मुंडकार बाब, अर्धा वेळ लँड अ‍ॅक्टला, शब्द देते, आणि तुमच्या आजीच्या माडाचं परवानगी असेल तर नाव न घेता सांगीन.

पोस्टकार्डाचा फोटो टाकलाय. खालच्या दोन ओळी मोडीत आहेत, कोणाला वाचता आल्या तर बघा ना. शेवटचा शब्द वाळवीने खाल्लाय.

मोडी वाचणारा म्हापसा

मोठा करून बघितला. अक्षर सुरेख आहे, हिशेबनिसाचंच, रेघ कुठे मोडलेली नाही. पहिली ओळ: "पाऊस कसा आहे, सखल शेताची लावणी उरकली काय तें लिहिणें." दुसरी ओळ: "बांध फुटला असेल तर भाटकारास सांगून आधीं माती" आणि पुढे वाळवी.

पेडण्याचा मुंडकार

परवानगी आहे, ताई. नाव घेतलंत तरी चालेल.